बधिर डोळ्याची कथा

डोळ्यांत कुसळ गेलें कीं माणसाला दुसरें कांहीं सुचत नाहीं. पापणी आपोआप मिटते, पाण्याची धार लागते, हात डोळ्याकडे धांवतो, आणि तें कुसळ बाहेर निघेपर्यंत जिवाला चैन पडत नाहीं. हा त्रास कोणालाहि नकोच असतो. परंतु जगांत अशींहि माणसें आहेत कीं, ज्यांच्या डोळ्यांत कुसळच काय, पण वाळूचा खडा गेला किंवा स्वतःचें नख लागलें तरी त्यांना त्याचा पत्ता लागत नाहीं. डोळा खुपणें म्हणजे काय हें त्यांना ठाऊकच नसतें. आणि नेमकें याच कारणानें त्यांचा डोळा जातो. अशा बधिर डोळ्याला पुन्हां खुपूं लागावें म्हणून वैद्यकानें जी खटपट केली तिचा इतिहास जवळजवळ दोनशें वर्षांचा आहे. तिला खरें यश मात्र एकविसावें शतक उजाडल्यावर आलें.

बुबुळाच्या पुढें घड्याळाच्या कांचेप्रमाणें बसविलेला जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यांत त्याचें नांव कॉर्निया. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर असते. निरोगी पारपटलांत रक्तवाहिनी एकहि नसते, कारण ती असती तर प्रकाशाला आंत जाण्याची वाट स्वच्छ राहिली नसती. रक्ताविना राहणाऱ्या या पडद्यांत मज्जातंतूंची दाटी मात्र विलक्षण आहे. त्वचेशीं तुलना करतां ती ३०० ते ६०० पट भरते, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. बर्लिन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख श्लेम यांनीं हे तंतू १८३१ च्या सुमारास प्रथम दाखविले. पुढें १८६६ मध्यें यूलियस कोनहाइम यांनीं सोन्याच्या क्षारानें ते रंगविले, तेव्हां ते पारपटलाच्या अगदीं वरच्या थरापर्यंत येऊन पोंचतात हें सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसलें.

हे सारे तंतू ज्या मुळांतून येतात तो मेंदूपासून निघणारा पांचवा मज्जातंतु होय. त्याच्या तीन शाखा आहेत. पहिली डोळा व कपाळ यांना, दुसरी वरच्या जबड्याला आणि तिसरी खालच्या जबड्याला संवेदना देते. डोळा आणि कपाळ एकाच शाखेवरचे आहेत ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें ती फार उपयोगी पडणार आहे. पापणी मिटविण्याचें काम या मज्जातंतूकडे नाहीं, तें सातव्याकडे आहे. एक खबर देतो, दुसरा दार लावतो. चेहऱ्याच्या बाबतींतील ही कामाची वांटणी लंडनचे सर चार्ल्स बेल यांनीं १८२१ मध्यें मांडण्यास प्रारंभ केला, आणि पॅरिसचे फ्रांस्वा माझांदी यांच्या प्रयोगांनीं ती पक्की झाली.

बधिर डोळ्याची कथा सुरू होते ती या माझांदींपासूनच. १८२४ सालीं त्यांनीं सशांच्या कवटींत बारीक हत्यार घालून पांचवा मज्जातंतु तोडला. त्या बाजूचा डोळा तत्काळ बधिर झाला, यांत नवल नव्हतें. नवल पुढें घडलें. ज्या डोळ्याला कोणीं हातहि लावला नव्हता त्याचें पारपटल धूसर होऊं लागलें, डोळा लाल झाला आणि कांहीं दिवसांतच तें पांढरें पडून त्यावर व्रण झाले. माझांदींनीं यावरून असा तर्क केला कीं, मज्जातंतु केवळ खबर नेत नाहीं, तर ज्या भागाला तो जातो त्या भागाचें पोषणहि करतो. तें पोषण तुटलें म्हणून पारपटल सडलें. माझांदी यांचे प्राण्यांवरील प्रयोग इतके निष्ठुर असत कीं, १८२५ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटांत रिचर्ड मार्टिन यांनीं त्यांचा नांव घेऊन धिक्कार केला. तो धिक्कार अकारण नव्हता. त्या काळीं भूल देण्याची विद्याच नव्हती, हें लक्षांत घेतलें तरी त्या प्रयोगांचें वर्णन वाचून आजहि अंगावर कांटा येतो. तथापि त्यांनीं विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, आणि तो पुढें दीड शतकाहून अधिक काळ सुटला नाहीं.

त्या प्रश्नाला पहिलें मोठें आव्हान हॉलंडमधून मिळालें. उट्रेख्ट येथील हेर्मान स्नेलेन हें नांव सामान्य वाचकांना अपरिचित वाटेल, परंतु त्यांची कृति बहुतेकांनीं पाहिलेली आहे. चष्म्याचा नंबर काढतांना भिंतीवर उतरत्या आकाराच्या अक्षरांचा जो तक्ता टांगलेला असतो, तो त्यांनीं १८६२ मध्यें तयार केला. त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे १८५७ सालीं, त्यांनीं माझांदींचा प्रयोग पुन्हां करून पाहिला. पण त्यांत एक युक्ति योजिली. मज्जातंतु तोडल्यावर त्यांनीं सशाचाच लांब कान पुढें ओढून त्या बधिर डोळ्यावर शिवून टाकला. सशाच्या कानाची संवेदना मानेकडून येणाऱ्या मज्जातंतूंमुळें शाबूत राहते. आतां ससा पिंजऱ्याच्या गजाला घांसूं लागला कीं कानाला तें कळे आणि तो मान मागें घेई. परिणाम असा झाला कीं, डोळ्याचा दाह पुष्कळच टळला. स्नेलेन यांचें म्हणणें साधें होतें. बधिर डोळा उपाशी मरत नाहीं, तो पहारेकरी नसल्यामुळें लुटला जातो. धूळ, ओरखडे, कोरडेपणा हे त्याचे खरे शत्रु.

पोषण कीं पहारा, हा वाद मग जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड येथील प्रयोगशाळांत कित्येक वर्षें चालला. त्यांतील खंडनमंडन येथें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट त्या वादाच्या धुराळ्यांत कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. स्नेलेन यांनीं आपल्या सशाला जें दिलें होतें तें केवळ झांकण नव्हतें. ती दुसऱ्या अवयवाची उसनी संवेदना होती. ती कल्पना माणसाच्या डोळ्यापर्यंत येण्यास १०० वर्षांहून अधिक काळ लागला.

दरम्यान सशांच्या बाबतींत जें झालें तें माणसांच्या बाबतींत घडूं लागलें, आणि तेंहि शस्त्रवैद्यांच्याच हातून. पांचव्या मज्जातंतूची एक भयंकर व्याधि असते. तींत चेहऱ्याच्या एका बाजूस विजेच्या झटक्यासारख्या कळा येतात, आणि त्या इतक्या असह्य असतात कीं रोगी घांस चावण्यासहि भितो. या कळा थांबविण्यासाठीं लंडनचे विल्यम रोझ यांनीं १८९० मध्यें त्या मज्जातंतूची कवटीच्या तळाशीं असलेली गांठच काढून टाकली. कळा थांबल्या. परंतु या शस्त्रक्रियेनंतर कित्येकांच्या डोळ्यांत व्रण पडत आणि डोळा हातचा जाई. मग सावधगिरी म्हणून त्या बाजूच्या पापण्या शिवून टाकण्याची, अगर डोळ्यावर कांच बसवून कडा बंद करण्याची चाल पडली. १९०१ मध्यें फिलाडेल्फियाचे चार्ल्स फ्रेझियर यांनीं विल्यम स्पिलर यांच्या सूचनेवरून गांठीच्या मागचें मूळ तोडण्याची रीति काढली. पुढें तींत सुधारणा होऊन डोळ्याकडे जाणारे तेवढे तंतू वगळून बाकीचे तोडणें शक्य झालें. डोळे वांचले ते या वगळण्यामुळें. ज्यांचे ते तंतू एकदां गेले त्यांच्यासाठीं मात्र सुई-दोऱ्यावांचून कांहीं नव्हतें.

विसाव्या शतकांत अशा रोग्यांची संख्या कमी झाली असें नव्हे. कारणें तेवढीं बदललीं. नागीण कपाळावर व डोळ्यावर उठली तर ती जातांना बधिरता मागें ठेवते. कानाच्या मज्जातंतूवर वाढणारी गांठ काढतांना पांचवा आणि सातवा असे दोन्ही शेजारी दुखावूं शकतात. मग खबर देणारा नाहीं आणि दार लावणाराहि नाहीं, अशी त्या डोळ्याची स्थिति होते. मधुमेह, चुना अगर आम्ल डोळ्यांत उडणें, डोक्याला झालेली इजा, हींहि कारणें आहेत. कांहीं मुलें जन्मतःच बधिर डोळा घेऊन येतात. असें मूल मातीचा हात डोळ्यांत घालतें आणि रडत नाहीं. आईबापांना तें गुणी वाटतें, आणि बुबुळावर पांढरें फूल दिसूं लागल्यावर धांवाधांव होते.

कुष्ठरोगाचें उदाहरण भारतीयांना अधिक जवळचें आहे. त्या रोगांत पापणी मिटविणारा मज्जातंतु व डोळ्याची संवेदना या दोहोंवर घाला पडतो, आणि त्यामुळें कित्येकांची दृष्टि गेलेली आहे. वेल्लोर येथें १९४६ मध्यें आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातापायांविषयीं एक गोष्ट सिद्ध केली. बोटें रोगानें गळून पडतात ही समजूत चुकीची आहे. चटका बसला, कांटा बोंचला, तरी दुखत नसल्यामुळें जखमांवर जखमा होऊन तीं झिजतात. स्नेलेन यांनीं सशाच्या डोळ्याविषयीं जें म्हटलें होतें तेंच ब्रँड यांनीं माणसाच्या हाताविषयीं म्हटलें. मात्र हाताला जोडे, मोजे आणि शिकवण यांनीं राखतां येतें. डोळ्याला कसें राखावें?

नवें पारपटल बसवावें, असें कोणालाहि सहज सुचेल. ७ डिसेंबर १९०५ रोजीं मोरेव्हियांतील ओलमुत्झ गांवीं एडुआर्ड झिर्म यांनीं माणसाच्या डोळ्यावर दुसऱ्या माणसाचें पारपटल यशस्वी रीतीनें बसविलें, आणि तेव्हांपासून त्या विद्येनें फार मोठा पल्ला गांठला. परंतु बधिर डोळ्यापुढें ती हात टेकते. जी जमीन मूळचें पारपटल धरूं शकली नाहीं ती नवेंहि धरीत नाहीं; त्यावर पुन्हां व्रण पडतो आणि तेंहि पांढरें होतें. म्हणून नेत्रवैद्य थेंब घालीत, मलम लावीत आणि शेवटीं पापण्या शिवीत. डोळा राखावा तर दृष्टि झांकावी लागे. दृष्टि उघडी ठेवावी तर डोळा जाई. आरशांत शिवलेला डोळा पाहणाऱ्याला त्याचा डोळा वांचला आहे हें सांगून किती समाधान होत असेल, हें सांगणें नको.

माझांदींचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें हें इटलीमुळें ठरलें. रिता लेव्ही-मोंताल्चिनी या विदुषीला यहूदी असल्यामुळें मुसोलिनीच्या राजवटींत विद्यापीठाची दारें बंद झालीं, तेव्हां तिनें तुरीन येथें आपल्या निजण्याच्या खोलींत कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर प्रयोग चालविले. युद्धानंतर अमेरिकेंत सेंट लुइस येथें, पुढें स्टॅन्ली कोहेन यांच्या साहाय्यानें, तिनें मज्जातंतूंना वाढविणारें एक द्रव्य शोधून काढलें. त्यासाठीं दोघांना १९८६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हेंच द्रव्य थेंबांच्या रूपानें बधिर डोळ्यांत घातलें तर काय होतें, हें लांबियाझे व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनीं पाहिलें. १९९८ मध्यें त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत १२ रोग्यांचे १४ डोळे होते, आणि ते सर्व व्रण भरून आले. त्यावरून तयार झालेल्या औषधास युरोपांत २०१७ मध्यें व अमेरिकेंत २०१८ मध्यें मान्यता मिळाली. दिवसांतून सहा वेळां, आठ आठवडे तें घालावें लागतें. आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरची आहे. एवढें मात्र निश्चित झालें कीं, मज्जातंतु पहाराहि करतात आणि पोषणहि. स्नेलेन आणि माझांदी दोघेहि अर्धे खरे होते. थेंब जखम भरून काढतात. पण ज्याचें मूळच तुटलें आहे अशा तंतूला ते नवें मूळ देऊं शकत नाहींत.

तें मूळ दुसरीकडून आणण्याची कल्पना शस्त्रवैद्यांची. तिच्या पायाशीं एक जुना शोध आहे. १८५० मध्यें इंग्रज शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनीं बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू तोडून दाखविलें कीं, मुळापासून तुटलेला भाग मरतो व विरून जातो. पुढच्या संशोधकांना कळलें तें असें कीं, तंतु मेला तरी त्याच्या पोकळ नळ्या राहतात, आणि मुळाकडचा जिवंत तंतु त्या नळ्यांतून दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या वेगानें पुन्हां वाढूं शकतो. तेव्हां शरीरांतील एखादा कमी महत्त्वाचा मज्जातंतु कापून आणला तर तो स्वतः मरेल, पण दुसऱ्याच्या वाढीसाठीं बोगद्याचें काम देईल. केंसाहून बारीक दोऱ्यानें, सूक्ष्मदर्शकाखालीं हे सांधे जुळविण्याची कला १९६० नंतर हस्तगत झाली. व्हिएन्नाचे हान्नो मिलेसी यांनीं हाताच्या मज्जातंतूंवर तिचा उपयोग करून इतरांना वाट दाखविली.

त्याच सुमारास, १९७२ मध्यें, इराणांत जन्मलेले व जर्मनींत नांवारूपास आलेले मेंदूचे शस्त्रवैद्य मजीद समी यांनीं डोळ्यासाठीं तसा प्रयत्न केल्याचें प्रसिद्ध केलें. डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना देणारा मज्जातंतु त्यांनीं मूळ म्हणून घेतला, पायांतील मज्जातंतूचा तुकडा मध्यें जोडला आणि तो पांचव्याच्या डोळ्याकडील शाखेला नेऊन मिळविला. कल्पना धाडसी होती. शस्त्रक्रियाहि तशीच मोठी होती, म्हणून तिचें अनुकरण फारसें झालें नाहीं, आणि नेत्रवैद्य पुन्हां पापण्या शिवूं लागले.

पुढचें पाऊल २००९ सालीं छापून आलें. अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांतील नॉरफोक येथील शस्त्रवैद्या ज्युलिया टर्झिस या चेहऱ्याच्या पक्षाघातावर उपचार करीत असत. त्यांच्या कांहीं रोग्यांचा चेहरा एका बाजूस लुळा होताच, पण त्या बाजूचा डोळाहि बधिर होता. त्यांनीं दुरुस्त मज्जातंतूला तुटलेल्या शाखेशीं जोडण्याचा नाद सोडला आणि त्याला थेट बुबुळाच्या कडेलाच आणलें. मूळ त्यांनीं घेतलें तें चांगल्या बाजूच्या कपाळाचें. डोळ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा तो मज्जातंतु. डोक्यावरील त्वचा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केंसांच्या आड छेदून त्यांनीं तो अलगद सोडविला, नाकाच्या मुळावरून त्वचेखालून पलीकडच्या डोळ्यापर्यंत नेला आणि त्याचे बारीक धागे पारपटलाच्या कडेभोंवतीं पेरले. असे सहा रोगी त्यांनीं नोंदविले. जे डोळे पूर्ण बधिर होते त्यांत संवेदना आली.

एवढा मोठा छेद लहान मुलांना कशाला द्यावा, हा प्रश्न कॅनडांत टोरोंटो येथील मुलांच्या रुग्णालयांत सोडविला गेला. २०१४ मध्यें असीम अली, ग्रेगरी बोर्शेल, रोनाल्ड झुकर व त्यांचे सहकारी यांनीं आपली रीति प्रसिद्ध केली. पोटरीच्या मागून जाणारा व पावलाच्या बाहेरच्या कडेस संवेदना देणारा मज्जातंतु त्यांनीं बोगद्यासाठीं घेतला. चांगल्या डोळ्याच्या भुंवईपाशीं लहानसा छेद घेऊन तेथील मज्जातंतूला तो जोडावयाचा, नाकाच्या मुळावरून त्वचेखालून पलीकडे न्यावयाचा, आणि शेवटीं उकलून त्याचे तीनचार धागे बुबुळाच्या कडेभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मांडावयाचे. या व्यवहाराची किंमत म्हणजे पावलाच्या कडेला एक बधिर पट्टा आणि कपाळाचा थोडा भाग. डोळ्यासाठीं ती कोणीहि देईल. त्यानंतर अनेक देशांत, भारतांतहि, या शस्त्रक्रिया झाल्या. कोणी कपाळाऐवजीं मानेतून कानाकडे जाणारा मज्जातंतु मूळ म्हणून वापरला. सशाचा कान डोळ्यावर शिवणाऱ्या स्नेलेन यांना ही बातमी कळती तर त्यांना गंमत वाटली असती.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं कांहींच घडत नाहीं. जोडलेला तुकडा १२ सेंटिमीटरचा असेल तर दिवसाला एक मिलिमीटर वाढणाऱ्या तंतूला नुसता तेवढा प्रवास करण्यास चार महिने लागतात. मग पारपटलांत शिरून पसरणें वेगळेंच. तोंवर डोळ्यांत तेल घालून पहारा करावा लागतो, तो रोग्याला आणि घरच्यांना. प्रगति मोजण्याचें साधन साधें आहे. कोशे व बोने या फ्रेंच वैद्यांनीं १९६० मध्यें तें प्रचारांत आणलें: ६ सेंटिमीटर लांबीचा नायलॉनचा बारीक धागा. लांब असतांना तो लवचिक असतो व स्पर्श अत्यंत हलका होतो. आंखूड केला कीं ताठ होतो. धागा पुरा लांब असतांनाच ज्याला कळतो त्याचें पारपटल निरोगी. कितीहि आंखूड केला तरी ज्याला कळत नाहीं त्याचें पूर्ण बधिर. आधीं शून्य असलेला हा आंकडा महिन्यामहिन्यानें वर चढूं लागतो, आणि बहुधा वर्षभर चढत राहतो. पुरी जुनी संवेदना सर्वांनाच येत नाहीं. कांहींना थोडकीच येते. ज्यांची पापणीच मिटत नाहीं त्यांना पापणीवर वेगळी शस्त्रक्रिया लागतेच. पण पारपटल टिकूं लागलें म्हणजे, पूर्वीं जें व्यर्थ जात असे तें पारपटलाचें रोपण आतां करतां येतें. टोरोंटोच्या कांहीं रोग्यांवर तें झालेंहि.

या साऱ्यांत सर्वांत चमत्कारिक गोष्ट ती मेंदूची. डॉक्टरांनीं उजव्या डोळ्याच्या पारपटलाला धागा लावावा आणि रोग्यानें सांगावें कीं, "डाव्या भुंवईच्या वर कांहीं तरी टेकलें." असा अनुभव कित्येकांच्या बाबतींत आला. त्यांत चूक नाहीं. तंतु उजव्या डोळ्यांत गेला असला तरी मूळ डाव्या कपाळाचें आहे, आणि त्या तारेवरून येणारी खबर मेंदू आयुष्यभर कपाळाच्याच नांवावर लिहीत आला आहे. नवा पत्ता त्याला ठाऊक नाहीं. कांहीं रोग्यांचा मेंदू तो पुढें शिकतो आणि स्पर्श डोळ्याचाच आहे असें ओळखूं लागतो. कांहींचा शिकत नाहीं. ज्यांचा शिकत नाहीं त्यांचा डोळाहि त्यामुळें जात नाहीं. कपाळाला खाज सुटली असें वाटून ते आरशापुढें उभे राहतात, आणि पलीकडच्या डोळ्यांत केर गेला आहे कीं काय तें पाहतात.